आधीचा प्राणी कसा गेला?

६ नोव्हेंबर
सौ. ला घेऊन सकाळच्या एसटीने महाडला, कुत्र्यांच्या निवारा केंद्रात. पसंती तिचीच. तांबडी कुत्री, चारेक वर्षांची, हायवेवर गाडीखाली सापडलेली, मागचा डावा पाय ओढते. बाकी सगळी भुंकून कान किटवत होती, ही एकटी गप्प. सौ. जाळीपाशी बसली तशी उठून आली आणि तिच्या बोटांना नाक लावून उभी राहिली. सौ. म्हणाली, "हीच."

केंद्रातली प्राची, तिशीची असेल. कडक बाई. चार पानी अर्ज पुढे केला. महाडच्या कोर्टात एकतीस वर्षं कागदपत्रांच्या नकला केल्या, मला अर्ज भरायला कोण शिकवणार! झरझर भरला. तिसऱ्या पानावर प्रश्न: 'यापूर्वी पाळलेला प्राणी कोणता? तो कसा गेला?'
लिहिलं: कुत्रा, नाव काळू. आजारपणाने.
सौ. शेजारीच होती. चौथी शिकली आहे, वाचता येतं.
कुत्रीला मिनीडोर रिक्षातून आणलं. सौ. ने मांडीवर घेतली होती घाटभर.

७ नोव्हेंबर
वहीत तरी खरं लिहावं.
काळूला वाघाने नेलं, म्हणजे बिबट्याने. दारातून. मी साखळीला बांधला होता म्हणून त्याला पळता आलं नाही.
शेजारच्या रघुनाथच्या कोंबड्या जात होत्या. रोज सकाळी आमच्या अंगणात येऊन उभा. "तुज्याच कुत्र्यान खाल्ल्या रे!" मी म्हटलं, पुरावाच देतो. आठ दिवस कुत्रा बांधून ठेवतो, तरी कोंबडी गेली तर तोंड बंद करायचं. तिसऱ्याच दिवशी गेली एक. मुंगूस होतं, त्याच्याच सुनेने पाहिलं. रघुनाथ मान खाली घालून गेला. सौ. म्हणाली, सोडा आता त्याला. मी म्हटलं, आठ दिवस म्हणजे आठ दिवस, उद्या पुन्हा नवीन काढेल तो. सहाव्या दिवशी सकाळी दारात साखळी होती, तुटका पट्टा होता.
खटला मी जिंकलो.
हे त्या अर्जावर लिहिलं असतं तर कुत्री मिळाली नसती. केंद्राच्या भिंतीवर नियम लावलेत, बांधून ठेवणाऱ्यांना प्राणी देत नाहीत. खोटी प्रतिज्ञापत्रं करणाऱ्यांना मी आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या घातल्या.

१८ नोव्हें.
नाव तांबू. सौ. ने ठेवलं.
भात आणि सुक्या बोंबलाचं पाणी, चाटूनपुसून खाते. दोरी दिसली की खाटेखाली. बादलीची असो, गुरांची असो, पोहरा ओढायची असो. सगळ्या दोऱ्या पडवीत उंच खुंटीला लावल्या.
काळू गेल्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून सौ. माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवा. पाणी तापलंय. लाईट गेली. आता दिवसभर आतून आवाज येतो. वाल पेरायचे कुठे, भावाच्या सुनेला दिवस गेलेत, गुडघा कसा दुखतो, सगळं कुत्रीला सांगणं चालू असतं. मी दाराआड उभा राहून ऐकतो. माझ्या घरातल्या बातम्या मला अशा कळतात.

२ डिसेंबर
प्राचीचा फोन. पंधरवड्याला करते. जेवते का, कुठे झोपते, फोटो पाठवा. मग म्हणाली, "काका, तुमच्या बाजूला बिबट्या फिरतोय म्हणे. गावातला कुत्रा वगैरे नेलाय का कधी?"
म्हटलं, ऐकण्यात नाही.
सौ. चुलीपाशी होती. भाकरी तव्यावर करपली तिची. कधी करपत नाही.

९ डिसेंबर
आज जे झालं ते कसं लिहू.
सकाळी रघुनाथ आला. पुन्हा कोंबडी. पुन्हा तेच, अंगणात उभं राहून सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. "लंगडी हाय म्हनून काय झालं, तोंड तर हाय तिला!" मस्तकात तिडीक गेली. म्हटलं, थांब, दाखवतो तुला. आणि पडवीत जाऊन खुंटीवरची दोरी काढली.
हातात दोरी आल्यावर कळलं मी काय करतोय ते. खरंच सांगतो, तोवर कळलं नव्हतं.
तांबू खाटेखाली. तिथेच मुतली. सौ. दारात आडवी उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, अशी उभी राहिलेली पाहिली नव्हती.
"या खेपेला मी सोडनार हां."
मी म्हटलं, या खेपेला म्हणजे?
"मागच्या टायमाला सोडनार व्हते. रोज वाटायचं, काढू साखळी. हात लावून परत यायचे. तुमी वरडाल म्हनून नाय सोडला."
एवढंच. मग फडकं घेऊन खाटेखालचं पुसायला लागली.
रघुनाथ कधी गेला माहीत नाही. दोरी विळ्याने तोडून टाकली. तोडून काय होणार आहे.
मला वाटत होतं, ती माझ्यावर रागावली आहे. दीड वर्ष मी तिच्या रागाचं तोंड पाहत होतो. ती स्वतःलाच खात होती आणि त्यालाही कारण मीच. वाघाच्या तोंडी कुत्रा दिला, पण नवऱ्याच्या तोंडी लागायची हिंमत झाली नाही. इतका वाईट आहे का मी? हात कधी उचलला नाही. आवाज मात्र…

१० डिसें.
प्राचीला फोन केला. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "रविवारी येते."
सौ. ला सांगितलं. ती म्हणाली, "न्हेतील तिला." रडली नाही. तांबूच्या अंगावरच्या गोचिड्या काढत बसली होती, तेच काम पुढे चालू ठेवलं.

१४ डिसेंबर, रविवार
प्राची आली, दहाच्या गाडीने. चहा नको म्हणाली. काळूला बांधलं होतं ती जागा पाहिली. पडवी पाहिली. दरवाजा पाहिला, तांबू आत झोपते ती गोणपाटाची घडी पाहिली. माझ्याशी फारसं बोलली नाही. मग सौ. ला घेऊन मागच्या अंगणात गेली आणि अर्धा तास तिथेच. मला बोलावलं नाही.
परत आल्यावर मला म्हणाली, "काका, तुम्ही भरलेला अर्ज मी रद्द करतेय." बॅगेतून कोरा अर्ज काढून सौ. च्या हातात दिला. "काकी, हा तुमच्या नावाने. तुम्हीच भरायचा. सगळं खरं लिहायचं. पुढच्या रविवारपर्यंत पोचला तर केंद्राच्या समितीपुढे ठेवते. कुत्री राहील की नाही ते मी आज सांगू शकत नाही. नाही पोचला तर मात्र न्यायला यावं लागेल."
मी म्हटलं, मी लिहून देतो, ती फक्त सही—
दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

१७ डिसेंबर
अर्ज तांदळाच्या डब्याखाली ठेवला आहे. कोरा. विचारायचं नाही असं ठरवलंय. दोनदा तोंडात आलं, गिळलं.
तिला तांबू हवी आहे. हे मला जितकं माहीत आहे तितकं दुसरं काही नाही. पण ते लिहायचं म्हणजे स्वतःचंही लिहायचं, साखळीला हात लावून परत आले म्हणून.

१९ डिसेंबर
दुपारी जेवण झाल्यावर सौ. ने अर्ज काढला. माझं पेन मागून घेतलं. पाटावर कागद ठेवून एकेक अक्षर जुळवत लिहीत होती. नाव. गाव. घरात माणसं किती. मी भिंतीला टेकून बसलो होतो, बघत नाही असं दाखवत. तिसऱ्या पानावर, 'तो कसा गेला?'पाशी आली तेव्हा पेन उचललं.
मग म्हणाली, "तुमी जरा भायेर बसा."
ओट्यावर येऊन बसलो. जुन्या पेन्सिलीने हे लिहितो आहे. अर्धा तास होऊन गेला. आतून कागदाचा आवाज येतो, मधे थांबतो, पुन्हा येतो. बाहेर येताना तांबूला 'चल' म्हटलं होतं. उठली नाही. तिच्यापाशीच बसून राहिली.