एक पिढी कमी

पंचवटी, सोमवार

प्रिय तेजू,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, गुरुवारी जाऊ ना?" आणि मी नेहमीसारखं "पाहून सांगतो" म्हणून फोन आईच्या हातात दिला. पाहायचं काय होतं त्यात? आल्हादकाका शुक्रवारी गेला, गुरुवारी सातवा दिवस, आणि सख्ख्या काकाचं सुतक दहा दिवसांचं. हे तुला ठाऊक आहे. मोठ्या विमान कंपनीच्या चाचणीची तारीख आपल्या सुतकासाठी पुढे सरकत नाही, हेही ठाऊक आहे. तरी तू मला विचारलंस, आणि ते विचारणं कालपासून मला टोचतंय. रामकुंडावर जाणं सध्या बंद, घरच्या देवांनाही हात लावायचा नाही, तेव्हा माझ्यासारख्या तीर्थपुरोहिताला वेळच वेळ आहे. कुरिअर गुरुवारच्या आत हैदराबादला पोचेल याचा भरवसा नाही, म्हणून आई पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. अक्षर लागत नसेल तर तिलाच विचार.

आधी तुझं कौतुक करून घेतो, नंतर मला तोंड राहणार नाही. अडीच वर्षांपूर्वी तू ती छोटी कंपनी धरलीस तेव्हा मी किती नाक मुरडलं होतं. तुझ्याबरोबरची मुलं मोठ्या कंपनीची भरती पुन्हा निघेल या आशेवर घरी बसली आणि तू महिन्याभरात त्या पंख्यांच्या विमानांवर रुजू व्हायला निघालीस. पोळ्या लाटता लाटता तू आईला समजावत होतीस की इथे दिवसाला चार-पाच वेळा विमान उतरवायला मिळतं, तेही लहान गावांच्या लहान धावपट्ट्यांवर. तीनेक वर्षांत उड्डाणाचे तास भरले की मोठी कंपनी आपणहून बोलावते. मी ओट्यापाशी उभा राहून म्हणालो, म्हणजे आपल्या द्वारका चौकातली काळीपिवळी टॅक्सीच की, भरली की सुटली. तू हसलीस आणि म्हणालीस, हो, तीच. पुढे कितीतरी दिवस मी यजमानांना "मुलगी वैमानिक आहे" एवढंच सांगायचो. कंपनी कोणती असं कोणी विचारलं की पंचांग उघडायचो.

गेल्या पितृपक्षात नांदेडकडच्या तानुबाई आल्या. हैदराबादला लेकीकडे त्या विमानानं जाऊन आल्या होत्या. पिंडांचं पीठ मळता मळता म्हणाल्या, "म्हाराज, पोरगी चालवत होती. लई हळू उतरवलं बगा, शेजारणीचं लेकरू झोपेतून उठलं न्हाई. नाशिकची हाय म्हणत होते." माझा संकल्पातला शब्द अडखळला. तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

त्याच महिन्यात मी आईकडून तुझ्या ड्यूटीचा दिवस काढून घेतला आणि ओझरच्या विमानतळावरून तुझ्याच विमानाचं तिकीट काढलं. उतरताना दारात मला बघून तू गोंधळलीस, ते तुला आठवत असेल. त्याआधी आत काय झालं ते मी कधी बोललो नाही. चाकं टेकणार असं वाटत होतं आणि विमान पुन्हा वर उचललं गेलं. मी डोळे मिटून जे येत होतं ते सगळं म्हणून टाकलं. मग स्पीकरवर तुझा आवाज आला, वारा आडवा आहे, पुन्हा फेरी घेऊन आपण उतरू, काळजीचं कारण नाही. आपल्या घरात भाजीला मीठ जास्त झालं म्हणून सांगतेस ना, तितक्या साध्या आवाजात. दुसऱ्या खेपेला उतरलीस. तुझे कॅप्टन दारात मला म्हणाले, परत वर जायचं हेही तिनंच ठरवलं आणि उतरवलंही तिनंच. तेजू, मला फार अभिमान वाटला. परतीच्या गाडीत अनोळखी माणसांना सांगत आलो.

आता जे लिहायला बसलोय ते. मोठ्या कंपनीच्या तुझ्या पहिल्या चाचणीआधी, म्हणजे तू छोटी कंपनी धरण्यापूर्वी, त्र्यंबकचे आपले भाऊबंद दिवाकरतात्या गेले. चाचणी पाचव्या दिवशी होती. बॅग भरून तू मला विचारायला आलीस. मी आपल्या घराण्याची नामावळी काढली, बोटांवर पिढ्या मोजल्या आणि सांगितलं, सातवी पिढी, दहा दिवसांचं सुतक, नव्या कामाला निघता येणार नाही. तू बॅग सोडलीस. तात्या आठव्या पिढीतले होते. आठव्या पिढीला तीन दिवस, पाचव्या दिवशी तू मोकळी होतीस. लोकांच्या पिढ्या मोजण्यावर आपलं घर चाललं, त्यात माझं बोट कधी चुकलं नाही. त्या दिवशीही चुकलं नाही. मी एक पिढी मुद्दाम कमी मोजली. मोठी कंपनी, मग परदेश, मग आमच्या वाट्याला सणावारी एक फोन, ही भीती होती. ती बापाची भीती मी शास्त्र म्हणून तुझ्या गळ्यात घातली.

 त्यानंतर तू सगळ्यांना सांगत आलीस की मला छोटी विमानंच हवी होती. ज्या वाटेचं कौतुक मी आता रामकुंडभर सांगत फिरतो, ती तू एकटीनं काढलीस, आणि दुसरी मी बंद केल्यावर काढलीस. शेवटी भलंच झालं असं म्हणून मी सुटणार नाही. तूही मला इतक्यात सोडू नकोस. आईला काल सांगितलं, ती जेवली नाही. सकाळी म्हणाली, लिहून कळवा, फोनवर तुम्ही पुन्हा पंचांग काढाल.

या वेळी सुतक खरं आहे. माझा पाठचा भाऊ गेलाय, मोजायला काही नाही. तरी मी सांगतो, गुरुवारी जा. पाळायचं ते मी इथे पाळतो, तुझ्या वाट्याचंही. तुझंच मन घेत नसेल तर राहा, पण ते तू ठरवलेलं असू दे. विमान पुन्हा वर न्यायचं की टेकवायचं हे ज्या मुलीला एका क्षणात कळतं, तिनं घराबाहेर पाऊल टाकायला माझ्या बोटांकडे बघावं, याची मला लाज वाटते. सगळं आटोपल्यावर फोन कर. निघताना मला विचारू नकोस.

तुझाच,
बाबा