आठवड्याची घरं

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
९ नोव्हेंबर २०२४

चि. आश्लेषा,

तुला आजोबांचे आशीर्वाद, आणि गालावर एक लटकी चापट. पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे ठीक आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या जन्माआधीपासून कुरकुरतोय. तुझी मीनाक्षीआत्या सकाळी सातला ऑफिसला निघते. "बाबा, थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही हं," असं रोज बजावून जाते. तिची गाडी वळणावर दिसेनाशी झाली की मी हात लावतो.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू हसतेस, आणि माझं विचारायचं राहून जातं. ग्रुपवर लिहावं तर तुझे बाबा वाचतात. हे उल्हासने वाचायचं नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी इथल्या सीनियर सेंटरला जातो. तिथे मॉरीन नावाची ब्याऐंशी वर्षांची इंग्रज बाई आमच्याबरोबर पत्ते खेळते आणि राजरोस लबाडी करते. 'खांबेटे' तिच्या जिभेवर चढत नाही, म्हणून मी 'मिस्टर के'. काल तिला सांगितलं की माझी नात लीड्सला शिकते, आणि मग मी वाहवत गेलो. शाळेच्या पुस्तकातली ती कवितांची विलायत! हिरवी कुरणं, धुक्यातून येणारी मेंढरं, खिडकीत दिवा लावून बसलेली आई. तळहाताएवढ्या गावातल्या शाळेत बसून मी त्या कुरणांतून किती हिंडलो असेन!

मॉरीन म्हणाली, "मिस्टर के, ते इंग्लंड पुस्तकातच ठेवा. मी लीड्सचीच आहे. आम्ही सहा भावंडं एका ओलसर खोलीत वाढलो. मला धर्मादाय बूट मिळाले होते. आईने ते गहाण टाकू नयेत म्हणून त्यांच्यावर शिक्का मारलेला असायचा. मी शाळेत जाताना मुद्दाम चिखल शोधायचे."

"चिखल कशाला?"

"शिक्का झाकायला!"

"पण आता तसं नाही ना तिकडे?" मी विचारलं.

"आता शिक्के नाहीत. माझी भाची तिथे नर्स आहे. नोकरी करते, तरी दर शनिवारी फुकट शिध्याच्या रांगेत उभी असते. ती म्हणते, रांगेत शिकायला आलेली मुलंही असतात. तुमच्याकडची खूप."

माझ्या हातातलं पान खाली पडलं. मॉरीनने तेवढ्यात ते पाहून घेतलं, पण डाव मात्र जिंकली नाही. मुद्दाम हरली असावी.

पहिल्या अंघोळीच्या दिवशी आपण सगळे फोनवर होतो, आठवतं? फराळाचं विचारल्यावर तू म्हणालीस, "आज गुरुवार ना, आज छोले." मग सोमवारचं चर्चमधलं सूप, गुरुवारी कॉलेजच्या अंगणात शीख मुलं वाढतात ते छोले, शनिवारी कुठल्याशा सेंटरवर मिळणाऱ्या भाज्या, असं सगळं घडाघडा सांगितलंस. उल्हास म्हणाला, "चैन आहे बुवा पोरीची, रोज पार्टी!" तू हसलीस. जरा लवकर हसलीस.

ते हसणं माझ्या ओळखीचं आहे, बाळ. आता जे लिहितो ते तुझ्या आजीलाही कधी सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षं एका ताटाशेजारी ताट घेऊन बसलो, तरी नाही.

मिरजेला बोर्डिंगात राहून शिकलो, असं मी तुम्हाला सांगत आलो. वडिलांनाही तेच सांगितलं होतं. ते खोटं. मी एका देवळाच्या ओवरीत निजायचो आणि वार लावून जेवायचो. म्हणजे गावातली घरं गरीब विद्यार्थ्याचा एकेक दिवस वाटून घेत. सोमवारी पेशकार, मंगळवारी वैद्य, असं. पेशकारांची सून भाताखाली तूप लपवायची, सासूला दिसू नये म्हणून. वैद्यांची मुलं मला नावाने हाक मारत नसत. "आई, आपला मंगळवार आला गं!" असं ओरडत. वैद्यकाका मात्र म्हणत, "पाठ कविता म्हणून दाखव रे." चांगली म्हटली की आणखी एक पोळी. माझ्या कवितांच्या वेडाचं तुम्ही कौतुक करता ना? ते त्या पोळीपासून सुरू झालं.

वडील एकदा म्हणाले, "मजा आहे बुवा तुझी, शहरातलं जेवण!" मी हसलो. खरं सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मला गावी नेलं असतं आणि शाळा तिथेच संपली असती. तुलाही तीच भीती आहे ना? उल्हास म्हणेल, "पुरे झालं, परत ये." आणि राहिलेले सात महिने राहूनच जातील. मी त्याला सांगणार नाही. सांगायचं तर तूच सांग, आणि कोर्स संपल्यावर सांगितलंस तरी चालेल.

लाज वाटून घेऊ नकोस, असं मी लिहिणार नाही. ऐंशी वर्षांचा झालो तरी मला अजून वाटते. मात्र जे वाढतील ते पोटभर जेव, आणि वाढणाऱ्याकडे बघून जेव. मी नेहमी खाली बघून जेवलो. पेशकारांच्या त्या सुनेचा चेहरा मला आज आठवत नाही. तूप आठवतं.

आणि आता खरं विचारायचं ते. मला सहाच घरं मिळाली होती. रविवारी कुणी विचारलं की मी "उपास आहे" म्हणायचो, आणि लोक म्हणत, केवढा धार्मिक मुलगा! तू सोमवार, गुरुवार, शनिवार सांगितलेस. बाकीचे चार दिवस तू काय खातेस, आश्लेषा?

इथे बसून तिकडे जेवण मागवता येतं, हे मीनाक्षीने मला शिकवलंय. कुणासाठी ते तिने विचारलं नाही. माझ्या पेन्शनला इथे काही कामही नाही. तेव्हा त्या चार दिवसांचं खरं लिही, गंमत न करता. त्यातला जो वार कुणाचाच नसेल, तो माझ्या घरी लाव.

पान वाढून बसलेला,
तुझा आजोबा