उत्तरेच्या वाऱ्याचा आडोसा

दि. ७

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी सुखरूप आहे, मामाचं मात्र आज माझ्या हातून काही खरं नव्हतं. उत्तरेचा वारा सुटताच त्याने आपली लाँच गावाकडच्या निम्म्या वाटेवर आडोशाला घातली, नांगर टाकला आणि खुशाल घोरतोय. मी विचारलं, बंदर आहे तर धक्का कुठाय? म्हणाला, आडोसा म्हणजे बंदर नव्हे. डोंगराच्या पाठीमागचं निवांत पाणी आणि नांगर धरून ठेवील असा चिखलाचा तळ, एवढंच. तेही फक्त उत्तरेच्या वाऱ्यापुरतं. वारा फिरला की हीच जागा जिवावर उठते. तोवर या पट्ट्यातली झाडून सगळी गलबतं इथंच येणार म्हणे.

येईनात का! आपल्या शेजारची नर्सबाई नऊ तारखेच्या बोटीने नोकरीवर निघतेय आणि मी तिला अजून काहीच विचारलेलं नाही. कॉलेज सोडताना बाबांना उलट बोलायला जीभ चालली, तिच्यापुढं टाळ्याला चिकटली. होडीने जातो म्हटलं, तर मामाने वल्ही उशाखाली घेतली. खुष्कीने निघालो तरी तिची बोट गाठता येणार नाही. इथं तारही नाही. किनाऱ्यावर जाणाऱ्या एका कोळ्याच्या हाती हे पत्र टपालाला देतोय; वेळेत पोचलं तर तूच तिला थांबव, काहीही कारण सांग.

तुझा संतापलेला धाकटा, तरी माया कमी करू नये.

दि. १०, सकाळ

चि. तापटरावांस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता मिळालं. थांबवायला ती आहे कुठे? काल दुपारी वारा पडल्यासारखा वाटला आणि बोट सुटली. तिने मला दोनदा विचारलं, लाँच आली का. संध्याकाळी वारा दुपटीने उठला. बोट पुढच्या बंदराला लागलेली नाही, अशी तार आलीय. तिच्या आईने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तुझं नाव टाकलेले बाबा बोटीच्या कचेरीत खेटे घालताहेत, पोरगी आपलीच असल्यासारखे.

तुला झापायचं पुष्कळ साठलंय, पण आज नको. मामाचं ऐक. तू तरी जागचा हलू नकोस.

काळजीत असलेली, तुझीच ताई.

दि. १०, संध्याकाळ

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुढचं नंतर वाच, आधी शेजारी पळत जा आणि सांग, पोरगी धडधाकट आहे.

पहाटे डोंगराला वळसा घालून एक उतारू बोट आत आली. मामा म्हणाला, या वाऱ्यात दुसरीकडे जाणार कुठे बिचारी. तीच बोट! मामाने न मागता वल्ही पुढे केली, वर म्हणाला, आता तरी तोंड उघड.

बोटीवर अर्धे उतारू ओकत होते आणि ही बाई पदर खोचून एकेकाचं डोकं धरत होती. मला पाहून थबकली, डोळे भरले, लगेच माझ्या हातात बादली दिली. दुपारपर्यंत मी तिच्या मागून बादली घेऊन फिरलो. शेवटी तिथंच, एका म्हाताऱ्याच्या डोक्यावरून, विचारून टाकलं. म्हाताराही ओकायचा थांबला.

ती म्हणाली, “हो. बादली सरळ धर.”

तिची आई जेवली नसेलच, ती जेवली की मग हे सांग. बाबांना तूच सांग, माझी हिंमत आज संपली.

तुझा, आता कुणावरही न रागावलेला,
धाकटा.