माया नव्हे, लळा

३ एप्रिल
रेणूच्या लग्नपत्रिकेचा मजकूर आज मीच बसवला. सातवी शिकलेला माणूस मी, पण माझ्या प्रेसमधल्या पत्रिकेत चुकलेली वेलांटी कुणी दाखवावी! ‘कै. सौ. बायनाबाई व रामेश्वर यांची सुकन्या.’ बायना जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी जन्म तिनं दिला. खरं ते छापायचं. सत्यशीलाचं, माझ्या दुसऱ्या बायकोचं, नाव खाली, निमंत्रकांत.

४ एप्रिल
सत्यशीलानं पत्रिका दोनदा वाचली. “आठ महिन्यांची रेणू तुम्हीच माझ्या मांडीवर दिली. मंग मी कोण?”
मी फरक समजावला. लळा लावला की लागतो, शेजारच्या पोराचाही लागतो. माया पोटातून येते. वर म्हणालो, “तुला लेकरू झालं न्हाई, तुला कसं कळणार?”
हे बोलायला नको होतं. ती भाकरी थापत राहिली.

५ एप्रिल
ती टेंभुर्णीला गेली. भावाकडं.

७ एप्रिल
रेणू जेवत नाही. “पप्पा, तुम्हाला समदे शब्द कळतात ना? ताप आल्यावर मी कुणाला हाक मारते, सांगा. आई पाटावर बसली न्हाई तर मी बी बसणार न्हाई.”
लग्नाला तेरा दिवस.
शब्दकोश काढला. माया, लळा, जिव्हाळा, ओढ — एकाच्या अर्थात यातलाच दुसरा शब्द दिलेला. मी मात्र त्यांच्यात बांध घालत बसलो.

८ एप्रिल
छापलेल्या पत्रिका रद्द केल्या. ‘सत्यशीला व रामेश्वर यांची सुकन्या’ अशी नवी छापून टेंभुर्णीला गेल्तो. ती गोठ्यातून बाहेरच आली नाही. मेहुणा संपत म्हणाला, “दाजी, कार्ड तर बराबर केलं. बोललेलं कसं बराबर करता?”

९ एप्रिल
सत्यशीला आली. रेणूसाठी. पाटावर बसणार आहे, माझ्याशी बोलत नाही.
काल निघताना संपतच्या बायकोनं, कौसल्यानं सांगितलं ते काल लिहवलं नाही. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सत्यशीलानं माहेरी येऊन तांबी बसवून घेतली होती. मुदत संपली की बदलून घ्यायची. “दुसरं झालं तर रेणूचं कमी व्हईल म्हणायची.”
लेकरू का होत नाही, हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं. त्याला माझा मोठेपणा समजत होतो.