घर, त्यातल्या माणसासकट

मी, खाली सही करणारी, जिवाणुशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हातांचाही घेतला आहे, कारण माझे हात थरथरतात अशी आवई पूर्वी एकदा उठवण्यात आली होती. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. दागिने, पुस्तके आणि बँकेत उरेल ते माझ्या एकुलत्या मुलीला. घर तिला नाही.

२. गोठवून ठेवलेले माझे जिवाणू विभागाला. त्यांच्यात आरएनए कापणारे एक एन्झाइम नाही. पेशी आपले हुकूम आरएनएवर लिहिते आणि काम झाले की अशी एन्झाइमे त्या हुकुमांचे तुकडे करतात. तुकडे झाले नाहीत तर जुने हुकूम साचतात, अन्न बदलले तरी पेशी जुनेच काम रेटत राहते आणि भरल्या ताटावर उपाशी मरते. एवढे सिद्ध करायला मी सगळी उमेद खर्च केली. विद्यमान विभागप्रमुखांनी हे जिवाणू फेकून दिले तरी माझी हरकत नाही. निरोपसमारंभात त्यांनी माझा उल्लेख ‘आपल्या सरांच्या मिसेस’ असा केला होता, तेव्हा त्यांच्याकडून फार अपेक्षा नाही.

३. राहते घर, जे माझ्या एकटीच्या नावावर आहे, ते माझ्या जुन्या विद्यार्थिनीला.

कारण लिहिणे भाग आहे. माझे प्रयोग एकाएकी फसू लागले. नळीतला आरएनए दरवेळी चिंधड्या होऊन निघे. मी पाणी बदलले, काचसामान भट्टीत भाजले, प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंना घालूनपाडून बोलले. त्या रडत काम सोडून गेल्या. त्याच विभागात असलेल्या माझ्या पतींनी समितीपुढे खेदाने सांगितले की हिचे हात आता थरथरतात. माझी प्रयोगशाळा त्यांच्याकडे गेली.

सामान आवरण्याच्या दिवसांतही मी एक शेवटचा प्रयोग करून पाहत होते. एका दुपारी विसरलेला चष्मा घ्यायला मी परत गेले. विद्यार्थिनी माझ्या टेबलापाशी उभी होती. तिने हातमोजा काढला आणि माझ्या द्रावणाच्या बाटलीत बोट बुडवले. आरएनए कापणारी एन्झाइमे माणसाच्या घामातही असतात. द्रावण उकळले तरी ती तग धरतात. कोणाला माग लागत नाही. मला पाहून ती पळाली नाही, रडलीही नाही. “सरांनी सांगितलं होतं, मॅडम,” एवढेच म्हणाली.

घरी पतींना विचारले. पोरगी घाबरून काहीही बरळते, असे म्हणून ते जेवण संपवून उठले. पुढे माझेच निष्कर्ष त्यांच्या नावाने छापून आले, त्यांना मोठे पद मिळाले. विद्यार्थिनीला नोकरीचा शब्द दिला होता म्हणतात. काम झाल्यावर तिला झुरळासारखे झटकले. आता ती शिकवण्या घेते आणि आजारी आईला घेऊन भाड्याच्या एका खोलीत राहते. घरमालकाने जागा सोडायला सांगितली आहे. ही चौकशी मी मुद्दाम करवली.

पतींना मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून त्यांचे जेवण, अंघोळ, अंथरूण मी पाहते. माझ्यानंतर हे सर्व विद्यार्थिनीने करावे, स्वतः करावे, नर्स ठेवू नये. ते आहेत तोवर ही अट. ती मोडल्यास घर विकून पैसे विभागाला जावेत. ती नाही म्हणेल असे वाटत नाही. तिच्या आईला जिना चढवत नाही आणि माझे घर तळमजल्यावर आहे.

मुलीला हे फोनवर वाचून दाखवले.

“आई, हा सूड आहे.”

मी म्हटले, वाटणी आहे.

“बाबांचं काय? त्यांना रोज तिचं तोंड बघावं लागेल.”

मी म्हटले, मला नाही का रोज त्यांचे बघावे लागले?

तिने फोन ठेवला. दागिने तिने घेतले नाहीत तर तेही घरासोबत जावेत.

४. हा मसुदा आज सकाळी पतींना वाचून दाखवला, कारण पाठीमागून वार करणे मला जमत नाही. झटक्यानंतर त्यांच्या जिभेवर एकच शब्द उरला आहे. वाचून झाल्यावर विचारले, “समजलं का तुम्हाला?”

“हो,” म्हणाले.

“तिला बोट बुडवायला तुम्हीच सांगितलं होतं ना?”

“हो.”

इतकी वर्षे मला हाच शब्द हवा होता. खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि विचारले, “की ती पोरगी खोटं बोलली?”

“हो,” म्हणाले, आणि तोंड पुसायला हनुवटी पुढे केली. मी पुसले.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
तारीख: नोंदणीच्या शिक्क्याप्रमाणे

लिहून देणार: (सही)

आमच्यासमोर सही झाली, म्हणून साक्षीदार:
१. शेजारच्या दंतवैद्य बाई (सही)
२. कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही). यांनी कलम चार वाचू नये असे सांगितले होते, त्यांनी वाचले.