दुपट्यातल्या अरुंद ओळी

आई, परवा दुपारी तुझी चूक सापडली. मी शोधली नाही, तुझ्या नातीनं शोधली. मी फक्त ती चूक नव्हेच हे सिद्ध करायला बसले आणि हरले. तुला जाऊन सोळा वर्षं झाली, तेव्हा आता उत्तरपक्ष मांडायला तू येणार नाहीस हे माहीत आहे. तरी तुझ्यामागे तुझी चूक काढली आणि तुला कळवलं नाही, असं नको. म्हणून लिहितेय. तू गेलीस तेव्हा चार वर्षांची असलेली ती आता वीस वर्षांची आहे, पुण्याला शिकते, आणि गेला महिनाभर घरीच आहे. घरी का आहे, ते सांगायलाच हे पत्र. पण तू मला नेहमी म्हणायचीस, "तुझं ते संस्कृत शिकल्यापासून तू सरळ सांगतच न्हाईस, आधी प्रस्तावना." तर प्रस्तावना ऐक.

बाबा अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातून सायकलवर यायचे, तेव्हा हँडलला एक पिशवी असायची आणि तिच्यात मागावर चालणार नाहीत असे, तळाला थोडंसं सूत उरलेले पुठ्ठ्याचे कोन. हिरवं, विटकरी, कधी निळं. सोलापुरात वर्षातले आठ महिने घाम पुसण्यात जातात, इथं लोकरीचा स्वेटर विणणाऱ्या बाईला लोकांनी डॉक्टरकडे नेलं असतं. तू सुताचं विणायचीस. टेबलावर रुमाल, दारावर तोरण, टीव्हीला घुंगट. गॅस सिलिंडरलाही तू झगा शिवावा तसा झगा विणला होतास, आणि पाहुणे आले की मला वाटायचं, आता त्या सिलिंडरचीही पाहुण्यांशी ओळख करून देणार. सांगोल्याच्या बाजूची तू, शाळा चौथीपर्यंत, पण क्रोशाची सुई हातात आली की तुझ्याइतकी कडक शास्त्री मला पुढं विद्यापीठातही भेटली नाही.

तुझी शास्त्रं दोनच होती. पहिलं, चूक दिसली की तिथपर्यंत उसवायचं. मी दहा वर्षांची होते, हिरव्या सुताचा माझा पहिला रुमाल अर्ध्यावर आला होता, आणि तू तो स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलास. "सातव्या ओळीत खांबाचा टाका चुकलाय. उसव." मी म्हटलं, आता वर केवढं झालंय, कुणाला दिसतंय? तू पोळी उलटलीस आणि म्हणालीस, "चूक खाली हाय आन् तू वरून झाकतीयास. उसव म्हटलं की." त्या पोळीकडे पाहत मी रडले. तू ती मला वाढलीस, तूप जास्त घालून, पण शास्त्र मागं घेतलं नाहीस.

दुसरं शास्त्र याहून कडक होतं: ओळ मध्येच सोडायची नाही. मी गुडघा फोडून घेऊन दारात उभी आहे, रक्त पावलापर्यंत आलंय, आणि तू मान वर न करता म्हणतेयस, "थांब, एवढी ओळ होऊ दे." त्या दारात उभं राहून मी प्रतिज्ञा केली की मला मूल झालं तर हे वाक्य त्याला कधी ऐकवणार नाही. न्यायशास्त्रात प्रतिज्ञेच्या पाठोपाठ हेतू सांगावा लागतो. गुडघ्यावर हेतू वाहत होता, वेगळा सांगायची गरज पडली नाही.

मग मला मूल झालं. बाळंतपणाला तुझ्याकडेच होते, तुला आठवत असेल. मुलगी गुटगुटीत, दूध भरपूर, घरात पेढे, आणि मी मात्र सकाळपासून रडतेय. कशासाठी ते मला सांगता येईना. इतकी वर्षं शब्दांचे विग्रह केलेले, पण या एका गोष्टीला शब्द सापडेना. हे आले की मला विचारायचे, "काय हवंय तुला?" आणि मी आणखी रडायची. तू काही विचारलं नाहीस. एका दुपारी विटकरी सुताचा कोन आणि सुई माझ्या मांडीवर ठेवलीस. मला राग आला. मी संस्कृतात एम.ए., आणि माझ्या दुःखावर तुझ्याकडे इलाज काय, तर साखळी घाल. तू म्हणालीस, "रडायचं तर रड की. पर हात मोकळं ठिवून रडू नगं." मी रागानंच साखळी घातली. वीतभर झाल्यावर लक्षात आलं की एवढा वेळ रडले नव्हते. लगेच पुन्हा रडून घेतलं, तुला श्रेय मिळू नये म्हणून.

तेव्हापासून ती सुई सुटली नाही. शाळेत आठवीच्या वर्गाला धातुरूपं पाठ करून घ्यायची, घरी येऊन कुकर लावायचा, पोरीचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, आणि या सगळ्यातून अर्धा तास काढून विणायचं. त्या अर्ध्या तासाबद्दल मला कायम थोडी लाज वाटत आली. मुलगी लहान असताना तिला शेजारी बसवून विणायची आणि वाटायचं, हिच्या वाट्याचं सुताला देतेय. विणलं नाही की चिडचिड करायची आणि वाटायचं, सुताच्या वाट्याचं हिला देतेय. शिवाय तुझा तिसरा एक नियम होता, शास्त्र नव्हे पण परंपरा, की एक पुरं झाल्याशिवाय दुसरं घालायचं नाही. तो मी पाळला नाही. माझ्या पेटीत अकरा कामं अर्धवट आहेत. हे त्या पेटीला अनाथाश्रम म्हणतात.

आता मूळ गोष्ट. महिन्यापूर्वी पोरगी अचानक आली. "सुट्टी आहे," म्हणाली. परीक्षेच्या दिवसांत कसली सुट्टी, हे विचारायला माझी जीभ शिवशिवत होती. पण आल्या आल्या उलटतपासणी नको म्हणून गप्प बसले. ती दिवसभर झोपायची. जेवायला हाक मारली की यायची, चिवडल्यासारखं करून उठायची. मग एका रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, मी पलंगावर घालायची मोठी चादर विणत बसले होते, एकशे चाळीस खांबांची ओळ, मोजणी चालू, आणि ती समोरच्या खुर्चीत येऊन बसली. "आई, एक सांगायचं होतं." आणि मी, मान वर न करता, बोट टाक्यावर ठेवून म्हटलं, "थांब गं, एवढी ओळ होऊ दे."

ओळ झाली. मान वर केली तर खुर्ची रिकामी होती.

खोलीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "काय सांगणार होतीस?" "काही नाही." "सांग ना." "झाली का तुझी ओळ?" एवढंच म्हणाली, आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. पुढं बारा दिवस ती माझ्याशी हो-नाही पलीकडे बोलली नाही. मी काय केलं असेल? तुझी मुलगी मी. त्या रात्रीच्या आत अख्खी चादर उसवली, पार पहिल्या साखळीपर्यंत. इतक्या वर्षांत तुझं पहिलं शास्त्र एवढ्या निष्ठेनं कधी पाळलं नव्हतं. सुताचा मोठा गोळा झाला. पोरीनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी पिऊन परत खोलीत गेली. सूत परत मिळालं, तो रविवार मिळाला नाही.

परवा कपाट आवरताना तुझं दुपटं बाहेर काढलं. तेच, माझ्या जन्माच्या वेळी तू विणलेलं, पिवळट पांढरं, ज्यात मला गुंडाळलं आणि पुढं हिलाही. ती पंख्याखाली फरशीवर ते पसरून पालथी पडली होती. मध्येच वितीनं मोजायला लागली. "आई, हे मध्ये बारीक का आहे?" बारा दिवसांतला तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "धुऊन धुऊन आटलं असेल." "एवढाच पट्टा आटला?" "तुझी आजी चुकायची नाही," मी म्हटलं, "ती चुकली असती तर तिनं उसवलं असतं." "मग मोज."

मोजायला बसलो, दोघी जमिनीवर, नाकाला नाक लावून. खाली शहाण्णव खांब. बऱ्याच ओळी शहाण्णवच. मग पंचाण्णव, मग चौऱ्याण्णव. ओळ उलटताना कडेचा शेवटचा खांब राहून जात होता, प्रत्येक वेळी. पहिल्यांदा सुई धरणाऱ्या मुली करतात ती चूक. असं होत होत एक्याऐंशीपर्यंत आलीस. तिथं तुला कळलं असणार, कारण पुढच्या ओळीत ब्याऐंशी आहेत, मग त्र्याऐंशी, एकेक वाढवत पुन्हा शहाण्णव. म्हणजे तुला चूक दिसली होती, आई. आणि तू उसवलं नाहीस.

इतक्यात तुझ्या समोर राहायच्या त्या अक्का, आता आमच्याच गल्लीत असतात, कढीपत्ता न्यायला आल्या. त्यांना आता नीट दिसत नाही, पण दुपट्यावरून हात फिरवला आणि ओळखलं. खुर्चीवर टेकल्या. "हे तर तुज्या येळंचं," मला म्हणाल्या. "तवा मी नवीन लग्न होऊन आलेली, मराठीबी धड येत नव्हतं. तुजी आई लई गप झालेली तवा. पाच-सा महिने. तुला पाजायची, भाकरी करायची, आन् दारात बसून हे इनायची. रडणं न्हाय, बोलणं न्हाय. मी म्हनायची, वहिनी, चार शब्द बोला की. तर म्हनायची, एवढी ओळ होऊ दे."

पोरगी उठून बसली होती.

"हे कमी होतंय म्हणून मीच दाखवलं तिला," अक्का म्हणाल्या. "आमच्या घरात मागच होते, मला कड बरोबर दिसायची. म्हटलं, उसवा. तर म्हणती कशी, न्हाय अक्का, हितवर आले तेच लई झालं. परत मागं जायची ताकद न्हाय माझ्यात. हितनंच वाढवते." मग कढीपत्ता घेतला आणि दारातून वळून म्हणाल्या, "नंतर झाली की बरी. कसली भांडायची नळावर."

अक्का गेल्यावर मला विणायला काहीतरी हातात हवं होतं, म्हणून पेटीतलं एक अर्धवट तोरण ओढलं आणि चार खांब घातले. पोरगी दुपट्याच्या अरुंद भागावर बोट फिरवत होती. म्हणाली, "आई, माझ्यातही नाही." "काय?" "मागं जायची ताकद." मी सुई काढून खाली ठेवली. तिनं तोरणाकडे पाहिलं. "तुझी ओळ?" मी म्हटलं, "राहू दे."

मग तिनं सांगितलं. चार महिने सकाळी उठवतच नव्हतं. मैत्रीण ताट आणून खोलीत ठेवायची, ते तसंच परत न्यायची. दोन पेपरांना ती बसलीच नाही. आणि हे मला सांगायची भीती का, तर "तू म्हणशील, चूक झाली तिथपर्यंत उसव आणि वर्ष पहिल्यापासून कर. मला परत तेच सगळं नव्यानं नाही जमणार, आई." माझ्या तोंडून ती हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलीय, बेरीज चुकली तरी आणि वेणी वाकडी आली तरी. मी तिला जवळ घेतलं. आम्ही दोघी हात मोकळे ठेवून रडलो. तुझ्या सूचनेचा भंग झाला, नोंद असावी.

काल आम्ही डॉक्टरांकडे गेलो, मनाच्या. तुझ्या वेळी असे डॉक्टर कुणाला माहीत नव्हते, माझ्या वेळी माहीत होते पण तिकडं जायची लाज होती. बाई शांत होत्या. हा आजार आहे, यातून माणसं बरी होतात, वेळ लागेल, म्हणाल्या. गोळ्या आहेत, दर आठवड्याला बोलायला जायचं आहे. राहिलेले पेपर पुढच्या सत्रात देता येतात, हे यांनी कॉलेजला फोन करून विचारलं. म्हणजे हितनंच वाढवायचं. परत येताना रिक्षात तिनं विचारलं, "आजी खरंच नळावर भांडायची?" मी दोन प्रसंग सांगितले. ती हसली. महिन्याभरानं हसली, आई. मी रस्त्याकडे पाहत राहिले, कारण मी पाहतेय म्हटल्यावर ती थांबली असती.

आज सकाळी तिनं सुई मागितली. दुपारपासून खोलीत पंख्याखाली विणत बसलीय. मघाशी पाहिलं, ओळ उलटताना कडेचा शेवटचा खांब राहतोय. माझी जीभ दातांपर्यंत आली होती. तिथूनच परत पाठवली. तीन खांब कमी झालेत, होऊ देत. वर वाढवता येतात, आमच्या घराण्यात तशी पद्धत आहे.

हे पत्र तुला पोचणार नाही, आणि घरातल्या कुणाच्या हाती लागावं असंही नाही. म्हणून ते अनाथाश्रमात, तळाशी ठेवतेय, एका हिरव्या रुमालात गुंडाळून. हो, तोच. मी तो उसवला नव्हता. लपवला आणि बाबांच्या पिशवीतला दुसरा हिरवा कोन घेऊन चार दिवसांत नवा विणून तुला दाखवला. तू तो खिडकीत धरलास, उलटासुलटा केलास आणि म्हणालीस, "बघ, उसवल्यावर कसा सरळ आला." मग संध्याकाळी बाबांना म्हणालीस, "हिरवं संपलं वाटतं, उद्या कोन आणा की." मी तेव्हा समजले होते की मी तुला फसवलं. परवापासून तेवढी खात्री राहिलेली नाही.