सतरा कॅसेट आणि न वाचलेली पाने

कानात अजून तो आवाज आहे: रुळाच्या तुकड्यावर पडणारा लोखंडी दांडा, आणि घंटा विरायच्या आत चौथीच्या पोरांनी एका सुरात उचललेली कविता.

मी, सुकराम दशरथ बिसेन, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार नवेगाव बांध, जिल्हा गोंदिया, पूर्ण शुद्धीवर व आपखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोळे मिटले की मी अजून वर्गात जातो, पण त्याला कोणी भ्रम म्हणू नये.

१. राहते घर व तलावाखालचे दीड एकर धानाचे शेत मुलगी रेणू आणि मुलगा उमेंद्र यांना समान हिश्श्याने.

२. हार्मोनियमची पेटी माझा मित्र दुर्गाप्रसाद याला. माझा सूर लागत नाही असे तो तीस वर्षे चारचौघांत म्हणत आला. आता त्याने लावून दाखवावा.

३. पेटाऱ्यात वर्गातल्या कवितांच्या सतरा कॅसेट आहेत. नवव्या कॅसेटमध्ये माझी दिवंगत पत्नी सुशिलाबाई डबा घेऊन शाळेत आली आहे आणि शेवटचे कडवे पोरांसोबत म्हणते आहे. कोणालाही कुठूनही ऐकता यावे म्हणून उमेंद्रने हे सारे संगणकात भरले आणि घरातच वेब सर्व्हर मांडला. मी म्हटले, "सूचनांची पाने वाचून घे." तो हसला. "वाचून कोण बसते बाबा? चालू करून पाहू न!" आणि खरेच, अर्ध्या तासात चालू झाले. जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. तिथेच आम्ही दोघे बिघडलो. न वाचता चालते, ते वाचावे कशाला?

४. आता कबुली. दोन वर्षांपूर्वी सर्व्हर बंद पडला. उमेंद्र पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, या वेळी घाई नोको. पाने पाठवून राहिलो. आधी वाचा, मंग हात लावा." मी वाचली नाहीत. जन्मभर दुसऱ्यांना 'वाचा' म्हटले. पोराने दिलेले पान उघडणे म्हणजे बाकावर जाऊन बसणे वाटले. शिवाय कवितेखालचे शब्दार्थ तरी आम्ही कधी आधी वाचले? गाऊनच घेत असू. तसाच सर्व्हर चालू करायला बसलो. पडद्याने विचारले, जुने पुसू का? मी 'हो' दाबले. सुशिला दुसऱ्यांदा गेली. गावाला मात्र सांगितले, उमेंद्रने पुसले. त्याने ते अंगावर घेतले. फक्त यायचा थांबला.

५. म्हणून कॅसेट, संगणक, आणि ती सगळी पाने नंतर वाचून मराठीत उतरवलेली माझी वही उमेंद्रला. फिती चिकटू लागल्या आहेत, फार तर एकदा वाजतील. अट एकच: वही पहिल्या पानापासून वाचावी. पहिल्या पानावर एवढेच आहे: पुसले मी.

ठिकाण: नवेगाव बांध. दिनांक: १४ जानेवारी २०२५.
सही: सुकराम दशरथ बिसेन
साक्षीदार: १. खुशाल मेश्राम (सही)
२. टिकाराम कापगते

टिकारामची सही बाकी आहे. त्याने पेन उचलले आणि ठेवून दिले. "गुरुजी, दाराकडे पहा न."

उमेंद्र उभा आहे. "टिकारामकाका म्हणे, तुमी मृत्युपत्र लिहून राहिले. म्हटलं, जित्तेपणीच भेटून घ्यावं."

कलम पाच आजच लागू केले. पोरगा चप्पल न काढता, दारातच, पहिले पान वाचून राहिला आहे.